‘मी इथे शिकायचं नाटक करते’ : ब्राझीलच्या मंडळींना इंग्रजी शिकवताना

पारिजात

डब्लिनला येऊन मला सहा वर्षं झाली. गेलं दीड वर्ष दर बुधवारी संध्याकाळी घराजवळच्या वाचनालयात इंग्रजी गप्पांचा तास असतो, तिथे मी स्वयंसेवक म्हणून जाते. परीक्षा नाही, फी नाही. एक मोठं टेबल, चहा आणि समोर आठ-दहा माणसं. त्यातली निम्म्याहून जास्त ब्राझीलची. विद्यार्थी म्हणून येतात, २५ आठवड्यांचा इंग्रजीचा कोर्स करतात, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करायची परवानगी असते. म्हणजे सकाळी वर्ग, दुपारी कुणाच्या तरी किचनमध्ये भांडी नाहीतर सायकलवरून डिलिव्हरी, आणि तरीही बुधवारी आमच्याकडे हजर. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

धागा काढायचं कारण एक मुलगी. मिनास जेराइस राज्यातली, तिकडे अकाउंटंट होती. हॉटेलच्या किचनमधून रिसेप्शनवर जायचं म्हणून तिने मुलाखत दिली. इथे किती दिवस राहणार, असं विचारल्यावर ती आत्मविश्वासाने म्हणाली, ‘आय प्रिटेंड टू स्टडी हिअर फॉर टू इयर्स.’ समोरच्या बाईंचा चेहरा बदलला आणि मुलाखत पाच मिनिटांत संपली. बुधवारी ती मला विचारत होती, ‘मी काय चुकीचं बोलले?’

पोर्तुगीजमध्ये ‘प्रेतेंदेर’ म्हणजे बेत असणे, मनात असणे. तिला म्हणायचं होतं की दोन वर्षं शिकायचा माझा बेत आहे. समोर ऐकू गेलं ते असं की मी दोन वर्षं शिकायचं नाटक करणार आहे. आणि ही मुलगी पहाटे पाचला उठून अभ्यास करते.

त्या दिवसापासून मी वही घातली. कोण काय चुकलं ते लिहायचं आणि शेजारी पोर्तुगीज वाक्य त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं. तीन-चार महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. ही माणसं इंग्रजीचे नियम मोडत नाहीत, पोर्तुगीजचे नियम इमानाने पाळतात. जवळजवळ प्रत्येक चुकीमागे एक बरोबर पोर्तुगीज वाक्य उभं असतं. ते वाक्य सापडलं की चूक दुरुस्त करणं सोपं जातं. नाहीतर आपण ‘नो, नो’ म्हणत बसतो आणि समोरचा गप्प होतो.

वहीतली काही पानं देते.

वयाचं वाक्य. ‘आय हॅव ट्वेंटी-सिक्स इयर्स.’ त्यांच्याकडे वय ‘असतं’, जसं घर असतं, पैसे असतात. भूकसुद्धा तशीच: ‘मी भुकेबरोबर आहे’ अशी त्यांची रचना, म्हणून ‘आय ॲम विथ हंगर’. आपण म्हणतो मला भूक लागली. भूक आपल्याला येऊन लागते! हे त्यांना सांगितलं तेव्हा टेबलावर पंधरा मिनिटं फक्त भूक, झोप आणि भीती यांच्यावर गप्पा झाल्या, आणि त्यानंतर ‘आय ॲम हंग्री’ कुणाला सांगावं लागलं नाही.

पाऊस. डब्लिनमध्ये हे वाक्य रोज लागतं. ‘इज रेनिंग.’ कर्ताच नाही. पोर्तुगीज क्रियापदावरूनच कर्ता कळतो, त्यामुळे वेगळा सांगावा लागत नाही. ‘इज इम्पॉर्टंट’, ‘इज लेट’, सगळीकडे तेच. आपल्याकडे निदान पाऊस तरी पडतो. इंग्रजीतला तो ‘इट’ काहीच करत नाही, नुसता जागा अडवून बसतो, आणि ती जागा रिकामी ठेवायची नाही. मी टेबलावर एक रिकामी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, प्रत्येक वाक्यात या खुर्चीवर कुणीतरी बसलंच पाहिजे. आता कुणी ‘इज रेनिंग’ म्हटलं की बाकीचे खुर्चीकडे बोट दाखवतात.

दरवाजा. हे मी डोळ्यांनी पाहिलं. वाचनालयाच्या काचेच्या दारावर ‘पुश’ लिहिलंय. एक मुलगा दार ओढतोय, ओढतोय, आतून आम्ही खुणा करतोय. ब्राझीलमध्ये दारावर ‘पूशी’ लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ ओढा. ढकला याला ‘एम्पूही’. शब्द डोळ्याला दिसायच्या आधी हात जन्मभराच्या सवयीने हलतो.

आणि माझं सगळ्यात आवडतं पान. ‘मारिया कॉल्ड हिज ब्रदर.’ मारियाने स्वतःच्याच भावाला फोन केला, मग ‘हिज’ का? कारण पोर्तुगीजमध्ये ‘सेउ’ की ‘सुआ’ हे मालक बघून ठरत नाही, वस्तू बघून ठरतं. भाऊ पुल्लिंगी, म्हणून ‘सेउ’. इंग्रजी नेमकं उलट: फक्त मालक बघते, भाऊ असो की बहीण, ‘हर’ ते ‘हर’.

आता आपला ‘तिचा’ घ्या. ‘ति’ मारियाकडून आला, ‘चा’ भावाकडून. एका शब्दात दोघांची नोंद! पोर्तुगीजने मागचा अर्धा ठेवला, इंग्रजीने पुढचा, मराठीने दोन्ही. मी कागदावर ‘तिचा’ देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहिला, मधोमध फाडला आणि एक तुकडा ‘पोर्तुगीज’, दुसरा ‘इंग्लिश’ म्हणून दोन बाजूंना ठेवला. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, पण गोष्ट पोचली. मग त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं की बोलताना ते ‘देली’ आणि ‘देला’ सर्रास वापरतात, त्याचं आणि तिचं, तिथे मालकच बघतात. म्हणजे किल्ली त्यांच्याच खिशात होती. ‘हिज’ म्हणजे ‘देली’, ‘हर’ म्हणजे ‘देला’, ‘सेउ-सुआ’ मनातही आणायचं नाही. वर्षभर चुकणारी माणसं दोन बुधवारांत सावरली.

तुमच्यापैकी कुणी पोर्तुगीज बोलणाऱ्यांबरोबर काम करत असेल, शिकवत असेल, तर लिहा. मला वही भरायची आहे.

कट्टेकरी

पारिजात, उत्तम धागा. फाडलेला ‘तिचा’ कायम लक्षात राहील.

पुण्यात बसून साओ पाउलोच्या टीमबरोबर चार वर्षं काम केलं, त्यातला अनुभव. एका शुक्रवारी तिकडून मेल: ‘इव्हेंच्युअली वी विल डिप्लॉय ऑन सॅटर्डे.’ आम्ही वाचलं, उशीर होईल पण नवं सॉफ्टवेअर शनिवारी चालू होणार नक्की. आमची तीन माणसं शनिवारी रात्री दीडपर्यंत लॅपटॉप उघडून बसली. एकाच्या मुलीचा वाढदिवस होता, तो केक कापून परत आला. तिकडून काहीच नाही. सोमवारी विचारलं तर तो मनापासून गोंधळला, म्हणाला मी तर ‘कदाचित’ लिहिलं होतं. ‘एव्हेंतुआलमेंची’ म्हणजे जमलं तर, क्वचित, कदाचित. इंग्रजीत तोच शब्द ‘शेवटी होणारच’ असा. अर्थ चक्क फिरतो.

त्याआधीच्या कितीतरी मेल तेव्हा नव्याने समजल्या. ‘ॲक्च्युअली आय वर्क इन द पेमेंट्स टीम’ यावर मला वाटायचं हा माझी चूक काढतोय. तो बिचारा एवढंच सांगत होता की सध्या मी तिथे आहे. ‘आय विल असिस्ट द मीटिंग’ म्हणजे मदत करणार नाही, हजर राहणार. ते सिनेमासुद्धा ‘असिस्ट’ करतात.

माझ्या मते हे काम दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. त्यांनी इंग्रजी सुधारावं हे खरं, पण त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना असे दहा शब्द पहिल्याच आठवड्यात माहीत हवेत. आमची शनिवारची रात्र वाचली असती.

मडगावकर

पारिजात, तुमची वही वाचताना मला माझे आजोबा आठवले. ते पणजीला आल्तिन्यावरच्या लिसेंवात शिकले. घरात कोंकणी, शाळेत सगळं पोर्तुगीज, वाचायला मराठी. डिसेंबर १९६१ नंतर कचेऱ्यांची भाषा बदलली आणि चाळिशीतल्या माणसाला इंग्रजी पहिल्यापासून शिकायची पाळी आली. नोकरी टिकवायची तर दुसरा इलाज नव्हता. ते रात्री कंदिलाजवळ बसून इंग्रजी पत्रं हाताने उतरवून काढायचे, असं आजी सांगायची.

त्यांच्या इंग्रजीत शेवटपर्यंत पोर्तुगीज होतं. लग्न कुणाशी झालं हे सांगताना ‘मॅरिड विथ’. विचार करायचा तो ‘थिंक इन’. साडेतीन लिहिताना टिंबाऐवजी स्वल्पविराम, ३,५, आणि त्यावरून नव्या कचेरीत हिशेब तपासताना घोटाळे व्हायचे. एकदा आत्याच्या लग्नाच्या वेळी त्यांनी मुंबईच्या एका स्नेह्यांना इंग्रजीत कळवलं की ‘ट्वेल्व्ह ऑफ माय पेरेंट्स’ येताहेत, उतरायची सोय करा. ‘पारेंतिश’ म्हणजे नातेवाईक. स्नेही समजूतदार, त्यांनी बारा जणांची सोय केली.

तुम्ही म्हणता की चुकीमागे एक बरोबर वाक्य असतं, ते वाचून बरं वाटलं. आजोबांना त्या वाक्यांची लाज वाटायची. चारचौघांत इंग्रजी बोलायचं ते टाळायचे. तीन भाषा उत्तम येणारा माणूस चौथीपुढे गप्प राहिला.

सुनंदा_नाशिक

मी नाशिकला २२ वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं, म्हणून थोडं वेगळं मत मांडते. पारिजात, तुझी तळमळ दिसते, पण मातृभाषेचा आधार जपून दे. वर्गात मराठी आणली की मुलं मनात मराठी वाक्य बांधतात, मग त्याचं इंग्रजी करतात, तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. भाषांतराची सवय लागली की सुटत नाही.

याचं जुनं उदाहरण पोर्तुगीजमधलंच आहे. १८५५ साली पॅरिसमध्ये पोर्तुगीज-इंग्रजी संभाषणाचं एक पुस्तक निघालं. पेद्रु कारोलिनु या लेखकाला इंग्रजी येत नव्हतं. हाताशी असलेल्या पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणाच्या पुस्तकावरून आणि फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशावरून त्याने ते रचलं असं मानतात. वाट पाहत ताटकळणे या अर्थाचा एक फ्रेंच वाक्प्रचार आहे, त्याचं इंग्रजी त्याने शब्दशः केलं आणि झालं माकड चावणे! पुढे १८८३ साली अमेरिकन आवृत्तीला मार्क ट्वेनने प्रस्तावना लिहिली आणि जगभर लोक हसले. पण मला नेहमी त्या पुस्तकावर भरवसा ठेवून इंग्रजी शिकलेल्या माणसांचं वाईट वाटतं. शब्दाला शब्द लावून भाषा येत नाही, एवढंच म्हणायचंय.

आणि एक विचारते. प्रेझेंट परफेक्टचं (‘आय हॅव लिव्ह्ड’ वगैरे) काय करतेस? आमच्या मुलांना ते दहावीपर्यंत जड जायचं.

पारिजात

सुनंदाताई, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. आमच्या तासाला बोलणं इंग्रजीतच चालतं, मला पोर्तुगीज धड येतही नाही. पण चूक तिसऱ्यांदा झाली की मी थांबवते आणि विचारते, तुमच्याकडे हे कसं म्हणतात? एक वाक्य, एक मिनिट, पुन्हा इंग्रजी. ते वाक्य त्यांच्या डोक्यात असतंच. मी फक्त उजेडात आणते, म्हणजे त्यांना कळतं की कुठे थांबायचं.

प्रेझेंट परफेक्टमध्ये तर ते आणि आपण एकाच बाकावर आहोत. ‘मी इथे २०२२ पासून राहते’, साधा वर्तमानकाळ. त्यांचंही हुबेहूब तेच, म्हणून दोघांचीही चूक तीच: ‘आय लिव्ह हिअर सिन्स २०२२’. त्यांच्यासाठी वर आणखी एक फसगत आहे. ‘तेन्यु त्राबाल्यादु’ ही रचना दिसायला थेट ‘आय हॅव वर्क्ड’ आहे, पण तिचा अर्थ अलीकडे मी सारखं काम करतोय, वरचेवर करतोय. एकदाच झालेल्या गोष्टीला ती चालत नाही. त्यामुळे हुशार विद्यार्थी आधी फसतो, कारण त्याला साम्य दिसतं. मी त्यांना सांगते, इथे तुमची भाषा विसरा. बघा, हा आधार काढून घ्यायलाही आधी तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

काही ठिकाणी मराठीनेच मला शिकवायला मदत केली. त्यांचं ‘एस्पेरार’ हे एकच क्रियापद, त्यात वाट पाहणे, आशा करणे आणि अपेक्षा करणे तिन्ही. म्हणून भेट देताना ‘आय वेट यू लाइक इट’. आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीतही तीन, त्यामुळे त्यांची अडचण नेमकी कुठे आहे ते मला लगेच दिसलं. उलट उसनं देणं-घेणं यात आपणही अडकतो. ‘उसनं’ एकच, त्यांचं ‘एम्प्रेस्तार’ एकच, मग ‘कॅन यू बॉरो मी युवर पेन’.

मडगावकर, आजोबांबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. बुधवारी टेबलावर कुणी गप्प बसलेलं दिसलं की आता मला ते आठवतील.

स्वरभक्ती

धाग्यात उच्चार राहिले, म्हणून लिहितो.

ब्राझीलच्या बोलीत शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं टिकतात. बाकीच्यांमागे एक ‘इ’ येऊन उभा राहतो. फेसबुकचं ‘फेइसिबुकी’, बिगचं ‘बिगी’. त्यातच ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ‘ति’चा ‘चि’ आणि ‘दि’चा ‘जि’ होतो (ईशान्येकडच्या काही भागांत होत नाही). मग इंटरनेटचं ‘इंतेर्नेची’ आणि चहाचा ‘टी’ म्हणजे ‘ची’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ हकारासारखा: रिओचं ‘हिउ’. त्यामुळे ‘रॅट’ आणि ‘हॅट’, ‘रेड’ आणि ‘हेड’ ऐकताना आणि बोलताना दोन्हीकडे गोंधळ. शेवटचा ‘ल’ होतो ‘उ’, ब्राझीउ.

आपण याला नावं ठेवायचं कारण नाही. आपण ‘रत्न’चं ‘रतन’ केलं, ‘जन्म’चा ‘जनम’ केला. माझी आज्जी ‘इस्कूल’ म्हणायची, आणि पोर्तुगीजांची शाळाही ‘इस्कोला’च.

पारिजात, एक उपाय करून बघा. शब्द सुटा म्हणून घेऊ नका, पुढच्या स्वराला जोडून म्हणून घ्या. ‘बिग’ म्हटलं की ‘बिगी’ होणारच. ‘बिग ॲपल’ एका श्वासात म्हटलं की ‘बि-गॅपल’, तिथे ‘इ’ला शिरायला जागाच राहत नाही. ‘वर्क्ड’चं ते ‘वर्केजी’ म्हणतात, तिथेही तसंच: ‘वर्क्ड ऑन इट’. ‘वर्क-टॉ-निट’ असं तोडून टाळ्यांवर म्हणून घ्या.

खारी_बिस्किट

साठवून ठेवला धागा. माझा प्रश्न: हे सगळं पोर्तुगालच्या लोकांनाही लागू आहे का? लिस्बनला बदली व्हायची शक्यता आहे. आणि ते आपल्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलतात असं ऐकलंय.

तेजूची_आई

खारी_बिस्किट, मी लिस्बनजवळ राहते. व्याकरणाच्या चुका बऱ्याचशा त्याच, उच्चार मात्र वेगळे. इथले लोक स्वर गिळतात. ब्राझीलची ‘इस्कोला’ इथे जवळजवळ ‘श्कोला’. त्यामुळे जोडाक्षरांचं त्यांना भय नाही, शेवटी ‘इ’ही चिकटत नाही. आणि इथे टीव्हीवर इंग्रजी सिनेमे मूळ आवाजात, खाली पोर्तुगीज अक्षरं. डबिंग मुख्यतः लहान मुलांच्या कार्यक्रमांना. माझा शेजारी सुतार आहे, शाळा लवकर सुटली, पण इंग्रजी कानावर पडून पडून छान बोलतो. ब्राझीलमध्ये डबिंगची सवय जास्त.

शब्दांचे घोळ मात्र इथेही आहेत. मागच्या हिवाळ्यात तेजूच्या बाईंनी इंग्रजीत निरोप दिला की ती ‘कॉन्स्टिपेटेड’ आहे, घरी न्या. मी पोटाचं औषध घेऊन शाळेत गेले. पोर नाक पुसत बसली होती. ‘कोन्श्तिपादा’ म्हणजे सर्दी झालेली.

अवांतर: भाजीवाल्याकडे ‘बटाटा’ म्हटलं की बटाटाच मिळतो, बेकरीत ‘पाव’ थोडा नाकातून म्हटला की पाव. पहिल्या आठवड्यात त्या दोन शब्दांनी मला फार धीर दिला.

सुनंदा_नाशिक

पारिजात, ‘आधार काढून घ्यायलाही आधी तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं’ हे पटलं. खुर्चीची युक्ती माझ्या भाचीला सांगितली, ती सध्या शिकवते. त्या मुलीचं पुढे काय झालं?

पारिजात

सांगते. आधी मी तिला ‘प्रिटेंड’च्या जागी ‘इंटेंड’ दिला, शब्दकोशात तोच आहे. ते आणखी वाईट झालं. ‘एंतेंदेर’ म्हणजे त्यांच्याकडे समजणे, त्यामुळे ‘आय इंटेंड’ म्हटलं की तिच्या मनात ‘मला समजलं’ उमटायचं आणि ती वाक्याच्या मध्येच अडखळायची. मग दोन्ही शब्द बाजूला ठेवले आणि ‘आय प्लॅन टू’ घेतलं. साधं, मागून ओढणारं कुणी नाही. तीन बुधवार आम्ही दोघी अर्धा तास लवकर येऊन फक्त मुलाखत खेळलो. मी रिसेप्शनची मॅनेजर, ती ती. स्वरभक्ती, तुमच्या टाळ्याही वापरल्या, वाचनालयातल्या बाईंनी दोनदा बघितलं आमच्याकडे.

गेल्या मंगळवारी दुसऱ्या एका हॉटेलात मुलाखत होती. काल रात्री तिचा मेसेज आला: ‘आय गॉट द जॉब! आय स्टार्ट इन मंडे!’

सोमवारी, मार्चमध्ये, टेबलावर, या तिन्हींना त्यांच्याकडे एकच ‘एं’. तेवढं येत्या बुधवारी बघू.